जोडाक्षरं राहिलीत

आमच्या अभ्यासकेंद्राचं दार सकाळी साडेदहाला उघडलं की संध्याकाळपर्यंत सताड उघडं असायचं. तरी ते दारात उभे राहायचे. भिंतीला पाठ, हात मागं, नजर खाली. येणारी-जाणारी पोरं त्यांना वळसा घालून जायची, एखाद्याचा धक्का लागायचा, पण आतून कुणी ‘या’ म्हणेपर्यंत ते उंबरा ओलांडायचे नाहीत. फॉर्म भरायच्या दिवसांत माझ्या टेबलापुढं अशी झुंबड असायची की दाराकडं लक्षच जायचं नाही. एकदा ते असे दीड तास उभे होते. मी डबा खायला उठले तेव्हा दिसले.

“अहो, दार उघडंच आहे की. सरळ आत यायचं ना.”

“व्हय साहेब. पण कुणी बोलावलं नाय.”

ते सगळ्यांनाच साहेब म्हणायचे. मला, हेडक्लार्कला, शिपायाला, चहावाल्याला. एकदा मंडईत भाजीवालीला “साहेब, मेथी कशी दिली?” असं विचारताना मी त्यांना ऐकलं. ती बाई मेथीची जुडी हातात धरून त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिली.

मी तेव्हा औरंगपुऱ्याजवळच्या एका कॉलेजात क्लार्क होते. मुक्त विद्यापीठाचं केंद्र आमच्याच कॉलेजात चालायचं आणि त्याचं सगळं काम माझ्याकडं होतं. नोकरी सांभाळून शिकणारे, मधेच शाळा सुटलेले, लेकरं मोठी झाल्यावर पुन्हा पुस्तक धरलेल्या बाया, असे सगळे तिथं यायचे. दोन-तीन वर्षं यायचे, पदवी मिळाली की पेढे द्यायचे आणि परत कधी दिसायचे नाहीत. हे मात्र दरवर्षी हजर. बी.ए. झालेलं, मराठीचं एम.ए. झालेलं, मधे ग्रंथालयाचा एक कोर्स, रोपवाटिकेचा एक कोर्स, आणि आता इतिहासाचं एम.ए. जूनमध्ये ते दारात दिसले की हेडक्लार्क म्हणायचे, “आले बघा आपले कायमस्वरूपी विद्यार्थी.”

ते चौदा वर्षं जेलमध्ये होते, हे मला पहिल्याच वर्षी कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. त्यांच्या गुणपत्रिकांवरच ते छापलेलं होतं. गुणपत्रिकेवर विद्यार्थ्याच्या नावाखाली अभ्यासकेंद्राचं नाव येतं. आमच्या मुलांच्या कागदावर आमच्या कॉलेजचं यायचं. त्यांच्या बी.ए.च्या आणि मराठीच्या एम.ए.च्या प्रत्येक कागदावर ‘मध्यवर्ती कारागृह’ असं होतं आणि पुढं दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शहराचं नाव. सातवी पास होऊन आत गेलेला माणूस एम.ए. होऊन बाहेर आला होता, आणि कुठं झाला हे त्याच कागदावर लिहिलेलं होतं.

नोकरीसाठी ते शाळांत गेले, ग्रंथालयांत गेले, एका छापखान्यात मुद्रितं तपासायला माणूस हवा होता तिथं गेले. परत येऊन मला सांगायचे. सांगताना टेबलावर बोट ठेवायचे.

“बी.ए. बघतात, एम.ए. बघतात, मान हलवतात. टक्के बघून आणखी खूश होतात. मग बोट असं खाली सरकतं.” त्यांचं बोट टेबलावरून हळूहळू माझ्याकडं सरकायचं आणि थांबायचं. “बोट तिथं थांबलं की मी उठतो साहेब. त्यांच्यावर बोलायची येळ आणत नाय.”

मी त्यांना एक अर्ज लिहून दिला. गुणपत्रिकेची दुसरी प्रत द्यावी आणि तिच्यावर अभ्यासकेंद्राचं नाव नसावं, एवढाच अर्ज. प्राचार्यांची शिफारस जोडली, स्मरणपत्रं पाठवली. आठ महिन्यांनी उत्तर आलं. ‘अभ्यासकेंद्राचा उल्लेख वगळण्याची तरतूद नियमांत नाही.’ त्यांनी ते उभ्यानं वाचलं, पुन्हा वाचलं, चार घड्या घालून खिशात ठेवलं.

“‘उल्लेख’ शब्द बरोबर वापरला,” म्हणाले.

हा त्यांचा स्वभावच होता. भाषेचं व्याकरण त्यांना आत असताना सापडलं, आणि बाहेरच्या जगाचा अर्थही ते त्याच्यातच लावायचे. छावणी भागातल्या एका खाजगी क्लासमध्ये त्यांनी दहावीच्या मुलांना तीन दिवस मराठी शिकवलं होतं. मुलं खूश, मालक खूश. चौथ्या दिवशी मालकानं कागदपत्रं मागितली. पाचव्या दिवशी ते माझ्याकडं आले.

“काय म्हणाले?” मी विचारलं.

“म्हणले, तुम्ही शिकवता चांगलं हो, पण पालक... एवढंच म्हणले. वाक्य पुरं केलं नाय. ‘पालक’ कर्ता झाला, क्रियापद मीच लावलं अन् निघालो.”

मी हसले. त्यांनीही हसावं म्हणून थोडं थांबले. ते हसले नाहीत.

मग त्यांनी जेललाच अर्ज केला. जिथं होते तिथं नाही, दुसरीकडं. कैद्यांना अक्षरओळख शिकवीन, पगार नको, असा अर्ज. तिथल्या अधिकाऱ्यानं म्हणे खुर्ची दिली, चहा पाजला आणि नियम समजावून सांगितला की शिक्षा भोगलेल्या माणसाला असं आत घेता येत नाही. त्या दिवशी त्यांचा आवाज जरा चढला होता. “आत जायला गुन्हा लागतो साहेब, डिग्री चालत नाय.” हेडक्लार्कला हे वाक्य फार आवडलं. त्यांनी ते पुढं बऱ्याच जणांना ऐकवलं.

पोट भरत होतं ते बाइंडिंगवर. तेही आतच शिकलेले. औरंगपुऱ्याच्या एका बोळात एक म्हातारा बाइंडर होता, कानानं अधू. त्यानं काही विचारलं नाही, यांनी काही सांगितलं नाही. दिवसभर तिथं वह्या-पुस्तकं शिवायचे आणि पडेगावला पत्र्याच्या खोलीत राहायचे. सकाळी साडेदहाला आणि दुपारी साडेचारला जेवायचे, कारण चौदा वर्षं त्याच वेळेला जेवण मिळालं होतं. इतर वेळी समोर लाडू ठेवला तरी हात लावायचे नाहीत. आणि पाच वाजले की जिथं असतील तिथं उठून उभे राहायचे, मिनिट-दोन मिनिटं. ती गिनतीची वेळ. कैदी मोजायची.

एकदा ते आमच्या ऑफिसात असताना पाच वाजले. ते उठून उभे राहिले. हेडक्लार्कनी चेष्टेनं पेन त्यांच्याकडं रोखून मोठ्यानं म्हटलं, “एक!”

“हजर,” ते म्हणाले. त्यांच्याही नकळत.

सगळं ऑफिस हसलं. मीही हसले. ते खाली बसले आणि फॉर्म पुढं भरू लागले.

त्या वर्षी माझ्या सासूबाई गंगापूरकडच्या गावाहून कायमच्या आमच्याकडं राहायला आल्या. सासरे गेले होते. बासष्टीच्या होत्या, पायांनी धड, कामाला वाघ, पण शहरात आल्यावर अगदी गप्प झाल्या. महिन्याभरानं एका सकाळी भाकरी थापता थापता मला म्हणाल्या, “सूनबाई, मला वाचाया शिकिव.”

“आता कशाला, आई?”

“दवाखान्यात समद्या बाया पाटी वाचून आपल्या आपल्या दारात जात्यात. मी लोकाच्या मागं मागं फिरती. परवा बाप्यांच्या दवाखान्यात जाऊन बसली.”

मला नोकरी, स्वयंपाक, मुलीची शाळा. चार दिवस मी पाटी घेऊन बसले, पाचव्या दिवशी चिडले. त्यांनी पाटी कपाटामागं सरकवली. तेव्हा मला आमचे कायमस्वरूपी विद्यार्थी आठवले. मी त्यांना विचारलं.

“किती वय?” ते म्हणाले.

“बासष्ट.”

त्यांनी हातातला फॉर्म दुमडून खिशात ठेवला. मग म्हणाले, “येतो. पैशाचं नाव काढू नका.”

घरी मी सांगितलं की आमच्या केंद्रातले विद्यार्थी आहेत, एम.ए. आहेत, स्वभावानं गरीब आहेत. हे सगळं खरं होतं. राहिलेलं मी सांगितलं नाही.

आठवड्यातून तीनदा, दुपारी तीनला ते यायचे. पहिल्या दिवशी दारात उभे राहिले. सासूबाईंनी विचारलं, “असे काय उबे मास्तर? आत या की.” दुसऱ्या दिवसापासून त्या तीन वाजायच्या आधीच उंबऱ्याजवळ पाट टाकून बसायला लागल्या. मास्तर जिन्यात दिसले की आतूनच हाक, “या मास्तर.” या गोष्टीचं त्यांना काही वाटलं नाही. मास्तरांना असं लागतं, एवढं त्यांनी धरलं.

त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. अ-आ-ई नव्हतंच. “आई, घरात सगळ्यात जास्त कशाला हात लागतो?” सासूबाई म्हणाल्या, “पिठाला.” मग फरशीवर खडूनं मोठ्ठं ‘पीठ’. पिठातला ‘प’ घेऊन ‘पाणी’कडं गेले, पाण्यातला ‘णी’ घेऊन ‘गिरणी’कडं. सासूबाई ओल्या फडक्यानं फरशी पुसायच्या आणि पुन्हा लिहायच्या. मी सुट्टीच्या दिवशी घरी असले की स्वयंपाकघरातून ऐकायची. ऑफिसात माणसांपुढं मान न उचलणारा हा माणूस तिथं अगदी मोकळा बोलायचा. “आई, वेलांटी डोक्यावरून घ्या, पदरासारखी.” “व्हय व्हय, घेती.” सासूबाई हसायच्या. हसताना त्यांचा आवाज किती बारीक होतो, हे मला लग्नाला चौदा वर्षं होऊन माहीत नव्हतं.

तीन महिन्यांनी त्या माझ्याबरोबर बाजारात निघाल्या आणि भर रस्त्यात थांबल्या. मागून स्कूटरवाल्यानं हॉर्न दिला तरी हलेनात. वर बघत म्हणाल्या, “पि... ठा... ची... गि... र... णी. पिठाची गिरणी!” आणि माझ्याकडं न बघता, त्या पाटीकडंच बघत म्हणाल्या, “इतकं दिस ही हितंच व्हती का गं?”

जोडाक्षरं मात्र मास्तरांनी मागं ठेवली होती. “ही अक्षरं एकमेकाच्या अंगावर का पडल्यात?” असं सासूबाईंनी एकदा विचारलं तर म्हणाले, “ती अवघड असतात आई. एक अक्षर अर्धं झाल्याबिगर दुसऱ्याला चिकटत नाय. शेवटी घेऊ.”

जानेवारीतली गोष्ट. मला सुट्टी होती. मास्तर आले ते फाईल घेऊन आले. सकाळी कुठंतरी नोकरीसाठी जाऊन आले होते. मी चहा ठेवायला आत गेले, ते हात धुवायला गेले. सासूबाईंनी चष्मा लावून फाईल जवळ ओढली. त्या दिवसांत त्यांना काहीही दिसलं की वाचायचा नाद लागला होता. पुडीचा कागद, कॅलेंडर, रॉकेलच्या डब्यावरचं, काहीही. प्लास्टिकच्या कव्हरातून वरचा कागद दिसत होता.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “ह्यो पयला शबुद न्हाई येत. जोडाक्षर हाय. पन फुडचा आला बगा. का... रा... गृ... ह. गृ बरोबर ना?”

ऋकार त्यांनी मागच्याच आठवड्यात शिकवला होता.

“बरोबर,” मास्तर म्हणाले. ते पंच्यानं हात पुसत मोरीच्या दारात उभे होते.

“कारागृह. कारागृह म्हंजे काय वं?”

माझ्या हातात चहाची गाळणी होती. मला मधे पडता आलं असतं. ‘शाळेचं नाव आहे, आई’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी मास्तरांकडं बघितलं. ते खाली बसले, नेहमीच्या जागी.

“कारागृह म्हणजे जेल, आई.”

“जेल? मंग तुमच्या कागुदावर कशापायी?”

“मी तिथं होतो. चौदा वर्षं.”

सासूबाईंनी चष्मा काढला. “काय केलतं?”

मास्तरांनी सांगितलं. आमच्या ऑफिसात पाच वर्षांत त्यांना कुणी विचारलं नव्हतं, मीही नाही. विहिरीवरच्या मोटारीची पाळी होती. लाईट दिवसातून चार तास यायची. पाळी यांची होती आणि धाकट्या भावानं मोटार आपल्या वाफ्याकडं लावली. बोलाचाली झाली. हातात फावडं होतं. “एकदाच मारलं आई. एकदाच. खाली पडला तेव्हा मला वाटलं उठंल अन् मला शिव्या दील.”

सासूबाई हातातला चष्मा पदरानं पुसत राहिल्या.

“घरात आई होती. दोघांची एकच आई,” मास्तर पुढं बोलत राहिले, फरशीकडं बघून. “मला पत्र लिहायचं होतं तिला. सातवी झाली होती, पण चार ओळी धड जुळत नव्हत्या. जे सांगायचं त्याला शब्दच नव्हते माझ्याजवळ. म्हणून आत शाळा धरली. दहावीला बसलो, बारावीला बसलो. जसं जसं येत गेलं तसं तसं लिहीत गेलो. महिन्याला एक आंतर्देशीय. परत एक पण आलं नाय, म्हणून मला वाटायचं पोचतंय.”

“मंग?”

“सुटून गेलो तेव्हा आई जाऊन दोन वर्षं झाली होती. भावाच्या बायकोनं दार उघडलं. आत गेली, पत्र्याचा डबा आणून ओट्यावर ठेवला. म्हणली, सगळी हायती, एक बी फोडलेलं नाय.” त्यांनी पंच्याची घडी घातली. “माझ्या आईला वाचता येत नव्हतं. वाचून दाखवील असं घरात एकच माणूस होतं, ती. तिनं का वाचावी आई? तिचा नवरा मारला मी.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला, पण तिथून हलले नाही.

सासूबाईंनी विचारलं, “त्यो डबा कुटं हाय?”

“माझ्याजवळ.”

“फोडली न्हाईत?”

“तिची पत्रं हायती. दुसऱ्याच्या नावाचं पत्र फोडू नाय.”

सासूबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्याला लावला. फाईल नीट बंद करून मास्तरांकडं सरकवली. “माझं शिकनं झालं की एक आना. मी वाचती. आईला लिव्हल्यालं हाय ना? मी बी कुनाची आईच हाय.”

मास्तरांनी वर बघितलं. तसं तोंड मी त्यांचं त्याआधी आणि त्यानंतर कधी बघितलं नाही. “आणतो,” म्हणाले, “पण जोडाक्षरं होऊ द्या. लई जोडाक्षरं हायती त्यात.”

मग खडू घेतला आणि त्या दिवशीचा धडा पुरा केला.

माझे यजमान जिल्हा परिषदेत होते. वाचणारे, व्याख्यानांना जाणारे, घरात जातपात न मानणारे. सासूबाईंनी संध्याकाळी त्यांना सगळं सांगितलं. लपवावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. मास्तरांची दया आली होती म्हणून सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. मग मला आत बोलावलं.

“तुला माहीत होतं?”

“हो.”

“आणि दुपारी घरात आई एकटी. पोरगी साडेतीनला शाळेतून येते.”

“अहो, चार महिने येतायत ते...”

“जेलचं मी समजू शकतो. चोरी, मारामारी, समजू शकतो. पण सख्खा भाऊ? सख्ख्या भावाला मारणारा माणूस माझ्या घरात नको.”

यांचं स्वतःच्या सख्ख्या भावाशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. गावाकडच्या जमिनीवरून. पण मारलं नव्हतं, हेही खरं. मी तेव्हा भांडायला हवं होतं. मी भांडले नाही. खोटं कशाला सांगू, यांचं म्हणणं ऐकताना माझ्याही डोळ्यापुढं ते फावडं आलं होतं, आणि साडेतीनला घरी येणारी माझी मुलगीही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून उठून औरंगपुऱ्यातल्या बाइंडरच्या दुकानात गेले. ते खाली बसून रजिस्टरं शिवत होते. मला बघून उभे राहिले. वाटेत मी वाक्य तयार केलं होतं.

“आईंना आता वाचता यायला लागलंय. चांगलं यायला लागलंय. आता रोज त्रास नको तुम्हाला. गरज नाही.”

ते सुईतला दोरा बोटाला गुंडाळत राहिले.

“जोडाक्षरं राहिलीत, साहेब,” म्हणाले.

“ती मी घेईन.”

“बरं.”

त्यांनी का म्हणून विचारलं नाही. माझ्यावरही बोलायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही. मी बोळातून बाहेर येईपर्यंत ते उभेच होते.

घरी सासूबाई तीन वाजता पाट टाकून बसल्या. मी त्यांना सांगितलं की मास्तरांना दुसरीकडं काम लागलं. त्या हो म्हणाल्या. पुढचे आठ-दहा दिवस तरी तीन वाजता त्यांचा पाट उंबऱ्याजवळ असायचा. मी जोडाक्षरं घ्यायला बसले तर म्हणाल्या, “राहू दे. तुला कामं हायती.” त्यांच्या लेकाशी त्यांनी याबद्दल कधी शब्द काढला नाही, माझ्याशीही नाही. पण पुडीचे कागद वाचणं बंद झालं. दोन वर्षांनी त्या गेल्या. गेल्यावर कपाटामागं पाटी सापडली. पाटीवर ‘आई’ आणि ‘पीठ’ होतं, आणि खाली ‘पत्र’ लिहायचा प्रयत्न. ‘प’ काढला होता, पुढं ‘त’, त्याच्या पायाशी दोन-तीन रेघा ओढून खोडलेल्या. पुढं नुसता खडू फासलेला.

दुकानातल्या त्या दिवसानंतर मास्तर केंद्रात आले नाहीत. इतिहासाच्या शेवटच्या वर्षाचं हॉलतिकीट माझ्या खणात होतं. परीक्षा सुरू झाली, संपली. बाइंडरच्या दुकानात चौकशी केली तर म्हातारा वारला होता आणि पोरांनी तिथं मोबाईलची शोकेसं लावायला घेतली होती. एका रविवारी मी पडेगावला गेले. पत्र्याच्या खोलीची मालकीण बाहेर गहू निवडत होती.

“गेलं की ते. दोन म्हयनं झालं.”

“कुठं गेले?”

“सांगून नाय गेलं. लई पुस्तकं व्हती, समदी रद्दीत घातली. मी म्हणलं, बाबा, इतकी वर्सं जपली अन् आता? काय बोललं नाय. एक डबा तेवढा संगं नेला.” मग जरा वेळानं तिनं मला विचारलं, “तुमी कोन त्यांच्या?”

मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “कॉलेजात होते आमच्या,” म्हणाले आणि रिक्षात बसले.

त्याला चार-पाच वर्षं झाली असतील. सरकारी सर्वेक्षणाची ड्यूटी कॉलेजच्या क्लार्क लोकांवरही आली. माझ्या वाट्याला पडेगावच्या पुढं, दौलताबाद रस्त्याकडचा भाग आला. तिथं डोंगराच्या कडेला एक खडीक्रशर होता. मजुरांच्या वीस-पंचवीस झोपड्या. मुकादमानं दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना माझ्यापुढं ओळीनं उभं केलं. नाव, वय, मूळ गाव, शिक्षण, आणि खाली सही किंवा अंगठा. मी एका पालथ्या ड्रमवर कागद ठेवून लिहीत होते. क्रशरची धूळ कागदावर बसायची, मी पदरानं पुसायची.

ओळीच्या शेवटाकडं ते होते. केस, भुवया, पापण्या, सगळं पांढरं. आधी धुळीनं पांढरं वाटलं, मग लक्षात आलं की नुसत्या धुळीनं नाही. मी ओळखलं. त्यांनी माझ्याही आधी ओळखलं असणार, कारण ते माझ्याकडं बघत नव्हते.

त्यांनी नाव सांगितलं. खरं नाव. वय सांगितलं. गाव सांगितलं.

“ह्ये बाबा आडानी हायती मॅडम,” मुकादम मागून म्हणाला, “पन मानूस लई चांगला. काय बोलनं नाय, चालनं नाय. अंगठा घ्या त्यांचा.”

फॉर्मवर पुढचा रकाना शिक्षणाचा होता. मी पेन टेकवून थांबले. त्या एका रकान्यात काय काय बसवायचं होतं, ते मला पाठ होतं. त्यातला एक शब्द जरी लिहिला तरी दुसऱ्या दिवशी मुकादम विचारणार, मग मालक विचारणार, एम.ए. झालेला माणूस खडी का फोडतो म्हणून. आणि मग कधीतरी कुणाचं तरी बोट कागदावरून खाली सरकणार.

“शिक्षण?” मी विचारलं. विचारणं भाग होतं.

त्यांनी तेव्हा माझ्याकडं बघितलं.

“निरक्षर लिहा,” म्हणाले.

मुकादम हसला. “बघा मॅडम, आडानी हायती पन शबुद कसा पेपरातला काढतेत!”

मी लिहिलं. जपून, सावकाश, चांगल्या अक्षरात लिहिलं, आणि फॉर्म त्यांच्याकडं वळवला. त्यांनी स्टॅम्पपॅडवर डावा अंगठा टेकवला, चौकटीच्या बरोबर मधे, रेषेला कुठं धक्का न लावता उठवला. अंगठ्याची शाई केसांना पुसली. मुकादमानं भोंगा दिला तसे घमेलं उचलून ओळीतून बाहेर पडले आणि धुळीत चालू लागले.

त्यांच्या मागं एक बाई उभी होती. मी पुढचा फॉर्म ओढला आणि तिला नाव विचारलं.